दिवस बुडायच्या आत

मोटार सुरू करण्याआधी बिगीअण्णा धोतर सावरून जमिनीवर गुडघे टेकत आणि चारी चाकांपुढं मुंग्या आहेत का ते बघत. रांग दिसली की खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकानं तिला हलकेच बाजूला सारत. एखादी मुंगी फारच हट्टी निघाली तर तिची समजूत घालत. बेळगावच्या कोर्टाच्या आवारात हा कार्यक्रम सुरू झाला की पक्षकार, पट्टेवाले आणि आम्ही ज्युनिअर वकील हातातली कामं टाकून बघत राहायचो. मुंग्या मार्गी लागल्या की अण्णा उठत, हात झटकत, स्टिअरिंगमागं बसत आणि मोटार अशी सोडत की फाटकाशी उभा असलेला टांगेवाला घोड्याचा लगाम दोन्ही हातांनी धरायचा. मुंग्यांचा जीव वाचलेला असायचा. माझा मात्र टांगणीला लागायचा, कारण शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा मी असायचो.

त्यांचं खरं नाव दाव्याच्या कागदांवर होतं आणि ते बरंच लांबलचक होतं. निपाणीत ते कुणी वापरत नसे. आमच्या भागात बिगी म्हणजे लवकर, आणि अण्णांचं तर दर दुसरं वाक्य त्या शब्दानं सुरू व्हायचं. "बिगी बसा." "बिगी सांगा, जज्जसाब काय म्हनले." एकदा वडिलांच्या वर्षश्राद्धाचं बोलवायला आलेल्या माणसालाही ते "बिगी उरका" म्हणाल्याचं सांगतात. तंबाखूचे व्यापारी, जैन, घरात निम्मं मराठी निम्मं कानडी. वखारीच्या जागेवरून भाऊबंदांशी त्यांचा दावा चालला होता आणि तो ज्या वकिलांकडं होता त्यांच्या हाताखाली मी होतो. मी टिळकवाडीत एक खोली घेऊन राहायचो, बायको आणि आईवडील निपाणीला. सुट्टी आली की मला घरची ओढ लागायची, आणि अण्णा म्हणायचे, "वकील, चला की माज्यासंगट. मोकळीच जातीया गाडी." नाही कसं म्हणणार? पक्षकार मोठा, उतारूंची सर्व्हिस मोटार खच्चून भरलेली, शिवाय नवरा खाजगी मोटारीतून उतरतो म्हणजे वकिली चालायला लागली असं बायकोला वाटायचं. तिचा समज मोडायची माझी छाती नव्हती.

अण्णांनी गाडी कुठलीही आणली तरी माझ्या बाजूचं दार आतून उघडत नसे. अण्णा ते बाहेरून लावत, आणि निपाणीत त्यांच्या दारापुढं कुणीतरी येऊन बाहेरून उघडेपर्यंत मी आत. काकती गाव मागं पडलं की माझे दोन्ही पाय समोरच्या फळीवर रुतायचे. वंटमुरीच्या घाटात तर मी उभाच असायचो म्हटलं तरी चालेल. अण्णांना त्याची गंमत वाटायची. "वकील, पाय कशाला दाबतासा? बिरेक माज्याकडं हाय." हे बोलताना ते माझ्याकडं तोंड करून बोलायचे, हे त्याहून वाईट. मी म्हणायचो, "अण्णा, पुढं बघा." ते म्हणायचे, "पुढं काय बगायचं, रस्ताच हाय की." हत्तरगीच्या अलीकडं बैलगाड्यांची रांग लागली की ते कानडीत ओरडायचे, "सरीरी, सरीरी," म्हणजे सरका, सरका. गाडीवान ते ऐकून मान वळवायचा तोवर आम्ही पुढच्या वळणाला असायचो.

ही सगळी धावाधाव संध्याकाळच्या एका जेवणासाठी होती. जैन घरात दिवस बुडाल्यावर अन्नाला हात लावत नाहीत. अंधारात दिसत नाही आणि न दिसणारा जीव घासात जाऊ शकतो. मोटार नव्हती तेव्हा अण्णांना याची अडचण कधी पडली नव्हती. बेळगावला जायचं म्हणजे मुक्कामच. तिथल्या ओळखीच्या जैन घरी वेळेवर जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी परतायचं. मोटार आली आणि मुक्काम संपला. आता त्याच दिवशी परत यायचं ठरलं, आणि यायला हमखास उशीर व्हायला लागला. घरी पोचावं तर अंधार पडलेला. अण्णा हातपाय धुऊन उपाशी झोपायचे. सकाळी उठून पुन्हा कामाला.

हे त्यांच्या आईला बघवेना. त्यांना सगळी निपाणी आक्का म्हणायची. किरकोळ अंगाच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, बोलायला मऊ आणि वागायला अगदी ताठ. त्या साली गावात चातुर्मासाला मुनिमहाराज होते. आक्का एक दिवस बस्तीत, म्हणजे आमच्याकडच्या जैन देवळात, गेल्या आणि सगळ्यांच्या देखत महाराजांपुढं हात जोडून त्यांनी नेम घेतला की, संध्याकाळी माझ्या लेकाला जेवताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी घास तोंडात घालणार नाही. हिशेब साधा होता. आई उपाशी राहील म्हटल्यावर पोरगा बेळगावातून लवकर निघेल. आक्कांनी जन्मभर बैलगाडीचा हिशेब केलेला. बैलगाडीच्या दिवसांत लवकर पोचायचं तर लवकर निघावंच लागायचं. मोटारीला आणखी एक रस्ता असतो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पोरगा निघायचा पूर्वीच्याच वेळेला, आणि जोरात यायचा.

आक्का स्वतः मोटारीत कधी बसल्या नाहीत. "जिवांच्या अंगावरनं जाती ती," एवढंच म्हणायच्या. संध्याकाळी त्या घराच्या धाब्यावर उभ्या राहून मावळतीकडं बघत आणि कान तवंदीच्या घाटाकडं लावत. घाटाच्या शेवटच्या वळणावर अण्णा भोंगा वाजवायचे. तो ऐकू आला की आक्का खाली उतरायच्या, अण्णांची बायको, आमच्या वहिनी, दोन ताटं मांडायच्या, गाळलेलं पाणी ठेवायच्या. अण्णा बूट काढता काढता आत येऊन बसायचे. मग मायलेक समोरासमोर बसून जेवायचे. तो भराभर गिळायचा, त्या त्याच्याकडं बघत भराभर गिळायच्या. खिडकीतून सूर्य दिसत असेपर्यंत चालायचं. मी पडवीत बसून ते बघायचो आणि मला वाटायचं, या घरात दोघं जण जेवत नाहीत, काहीतरी लपवून टाकतायत.

अण्णांनी माझ्या देखत तीन मोटारी केल्या. पहिली कापडी टपाची, हँडल मारून सुरू होणारी, संकेश्वरच्या पुढं तापून वाफ सोडणारी. दुसरी तिच्या दुप्पट ताकदीची. दर वेळी ते म्हणायचे, "आता बगा वकील, दिवस कासराभर वर असताना घरात." आणि पहिले पंधरा दिवस खरंच तसं व्हायचं. मग बेळगावला त्याचा वास लागायचा. अण्णांना उशिरा निघालं तरी चालतं म्हटल्यावर स्टेशनवरचा माणूस तंबाखूच्या वॅगनीचं काम संध्याकाळवर ढकलायचा, बँकवाला अजून एक सही मागायचा, आमच्या कोर्टातही त्यांचं प्रकरण शेवटी पुकारलं जायचं. एकदा संकेश्वरला इंजिनात पाणी घालताना अण्णा स्वतःच म्हणाले, "गाडी वेळ वाचवतीया आणि बेळगाव त्यो खातंय. माज्या ताटात कायबी पडत न्हाय."

ड्रायव्हर ठेवा, असं मी बऱ्याचदा सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. "दुसऱ्याच्या हातनं जीव गेला तर पाप कुणाच्या नावावर? पळीव म्हननारा मी." मग मी दुसऱ्या टोकाकडून प्रयत्न केला. वकीलच मी, नेमात पळवाट शोधणं हे माझं कामच. एका रविवारी आक्कांसमोर बसून मी विचारलं, अण्णा बेळगावात वेळेवर जेवले असा भरवशाच्या माणसानं निरोप आणला तर? "डोळ्यानं म्हटलंय मी." बरं, वयाकडं बघून चार महिने नेमातून सुट्टी घेतली तर? आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं की मी उगाच टोपी सारखी केली. "वकील, ह्ये तुमचं कोरट न्हवं. नेम घेताना मी कुनाला इचारलं न्हाय, आता सोडताना कुनाला इचारू?" मग त्या हळूच म्हणाल्या, "चुकलंच माजं. पर चुकलेला नेमबी नेमच असतोय बाबा." मी उठलो. त्या मायलेकांना एकमेकांच्या मायेनंच दावणीला बांधलं होतं आणि दोघांपैकी कुणाला गाठ सोडता येत नव्हती.

अण्णांना आणखी एक नाद होता. कोर्टात पुकाऱ्याची वाट बघत बसलो की ते माझ्या टेबलावरची लाकडी पट्टी मला देत. मी ती वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायची. ते खाली अंगठा आणि बोट उघडं ठेवून बसायचे. मी न सांगता सोडायची, त्यांनी पकडायची. पहिल्या मोटारीच्या दिवसांत ते ती सुटल्या सुटल्या पकडायचे आणि माझ्याकडं बघून मिशीत हसायचे. दुसऱ्या मोटारीच्या वेळी पट्टी निम्मी निसटून जायला लागली. तिसरी मोटार आली तेव्हा त्यांचे केस कानाजवळ पांढरे झाले होते आणि पट्टी बोटांतून सरळ खाली पडायची. "परत." परत पडायची. एकदा ते पट्टी जमिनीवरून उचलून तिच्याकडं बघत राहिले. "गाडी दर खेपेला नवी घेता येतीया," ते म्हणाले. "मी त्योच. डोळा बगतोय, वकील. डोळ्याचं हाताला कळंस्तवर मधी कायतरी ऱ्हातंय बगा. त्ये काय कमी हुईना." मी म्हटलं, मग हळू चालवा. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "आणि आक्का?"

तिसरी मोटार आणली ती आक्कांच्या दुखण्यामुळं. त्या वर्षी आक्का दोनदा चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी सांगितलं, या वयात उपास सोसणार नाहीत, संध्याकाळचं खाणं चुकता कामा नये. घरच्या माणसांना हे ऐकून वाटलं असेल की आता अण्णा बेळगावला जाणं कमी करतील. पण दावा ऐन रंगात होता, वखार हातची जायची वेळ आली होती, आणि अण्णांनी सगळ्या संकटांवर जो उपाय केला होता तोच याही वेळी केला. नवी मोटार गुळगुळीत, लांब नाकाची, जवळजवळ आवाज न करणारी. मला वाटायचं हाच तिचा दुर्गुण. जुन्या मोटारी थरथरून, कण्हून तुम्हाला किती जोरात जाताय ते सांगायच्या. हिच्यात काही कळायचंच नाही. काटा साठाच्या पुढं गेलेला असायचा आणि अण्णा सुपारी कातरल्यासारखे निवांत बसलेले.

घरी पोचल्यावर, जेवणाआधी नव्हे, नंतर, ते ओल्या फडक्यानं मोटारीची पुढची काच पुसायचे. संध्याकाळच्या वेळी शेतांवरून उठणारे बारीक किडे, पतंग, हिरवे तुडतुडे काचेवर चिकटून चिखल झालेला असायचा. ते काम त्यांनी नोकराला कधी सांगितलं नाही. पुसताना तोंडानं काहीतरी पुटपुटायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "माफी मागतोय. सकाळी चार मुंग्या हाकलायच्या आणि सांजंला ह्ये. कुनाला फशिवतोय मी?" त्या दिवशी मला त्यांची कीव आली. तोवर मला फक्त भीती वाटायची.

नाताळच्या सुट्टीआधीचा कोर्टाचा शेवटचा दिवस. प्रकरणांची गर्दी, थंडीचे दिवस, सूर्य लवकर मावळणारा. अण्णांचं प्रकरण अगदी शेवटी निघालं आणि पुढची तारीख देऊन दोन मिनिटांत संपलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा कोर्टाच्या झाडांच्या सावल्या भिंतीवर चढल्या होत्या. अण्णांनी आभाळाकडं बघितलं. त्या दिवशी त्यांनी मुंग्या बघितल्या नाहीत. मी दार लावून घेऊ का नको अशा विचारात होतो, तेवढ्यात त्यांनीच ते बाहेरून ढकललं.

तो प्रवास मला आठवतो तो आवाजाशिवाय. संकेश्वरच्या पुलावर नदीचं पाणी तांबडं दिसत होतं. कणगल्याच्या पुढं सूर्य डावीकडून आमच्याबरोबर पळत होता आणि अण्णा रस्त्याइतकंच त्याच्याकडं बघत होते. तवंदीच्या घाटात रस्ता वळला आणि ऊन एकदम सरळ तोंडावर आलं. मी हात डोळ्यांवर धरला. बोटांच्या फटीतून मला मेंढरं दिसली. रस्ताभर मेंढरं, आणि मधोमध काठी आडवी धरून उभा असलेला धनगर. अण्णांनाही दिसली, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या तोंडून "आरं" एवढं बाहेर पडलं. आणि त्यानंतर काहीच झालं नाही. मोटार तशीच जात राहिली. मग ब्रेक लागला, मी पुढं आदळलो, चाकं किंचाळली, आणि समोरून एक मऊ धक्का बसला.

धनगर एका अंगाला उडी मारून वाचला होता. एक मेंढी चाकाशी पडली होती, गाभण. बाकीचा कळप उतारावर पांगला होता. मी दाराशी झटत होतो. अण्णा त्यांच्या बाजूनं उतरले आणि मेंढीपाशी बसले. धनगर शिव्या देईल म्हणून मी मनाची तयारी केली, पण तो चिडण्यापेक्षा चक्रावला होता. "मालक, तुमी माज्याकडं बगितलासा की. तोंडाकडं बगितलासा. आणि बगूनबी आलासा?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "बगितलं. पाय पोचला न्हाय."

मेंढी लगेच मेली नाही. तिचं पोट हलत होतं. अण्णांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाकून तिच्या कानात नवकार मंत्र म्हणायला सुरुवात केली, मरणाऱ्या माणसाच्या कानात म्हणतात तसा. खाली निपाणीची घरं दिसत होती. वरच्या वळणावरून हातभर अंतरावर वाटावीत इतकी जवळ. तिथून एकदा भोंगा वाजवला असता तर ताटं मांडली गेली असती, अजून सूर्याचं टोक शिल्लक होतं. मी आतून काच ठोकली. "अण्णा, वेळ आहे अजून. आक्का थांबल्यात." त्यांनी वर बघितलं नाही. मला त्या क्षणी मेंढीचा राग आला, हे सांगायला हवं. ती लवकर मरावी असं मला वाटलं. मेंढी शांत झाली तेव्हा सूर्य गेला होता. धनगरानं काठीचा आधार घेऊन खाली बसत विचारलं, "तुमी जैन न्हवं का वो?" अण्णांनी मेंढीचं डोकं मांडीवरून अलगद खाली ठेवलं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आक्का धाब्यावरून उतरून पायरीवर बसल्या होत्या. अण्णांच्या धोतरावरचं रक्त बघून त्या उठल्या, मग ते त्यांचं नव्हे हे कळून पुन्हा बसल्या.

"आक्का, माज्या हातनं जीव गेला. पोटूशी मेंढी हुती."

आक्का म्हणाल्या, "तुज्या हातनं न्हवं. माज्या नेमानं गेला." त्यांनी अण्णांच्या डोक्यावरून हात फिरवला, मोठ्या माणसाच्या पांढऱ्या केसांवरून, आणि वहिनींना सांगितलं, ताटं उचल. त्या रात्री दोघंही उपाशी झोपले. झोपले असतील तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकशीला गेलो. आक्का आंघोळ करून बस्तीला निघाल्या होत्या. मला बघून थांबल्या. "वकील, एक सांगा. तुमच्या वरच्या कोरटात शिक्षा कमी करता येती. वाढवताबी येती न्हवं?"

"येते, आक्का."

"नेमाचं निम्मंच तसं. सैल करता येत न्हाय, आवळता येतोय." आणि त्या चालू लागल्या. अण्णा मागून धावत गेले, त्यांना अंदाज आला असावा. बस्तीच्या दाराशी मी त्यांचा आवाज ऐकला, "नको गं, आक्का, नको." आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाला तरी थांब म्हणत होते. आक्का आत गेल्या आणि देवापुढं हात जोडून त्यांनी नेम घेतला की आजपासून जन्मभर एकच वेळ जेवीन, दुपारचं. संध्याकाळचा घासच सोडला. आता त्यांना कुणाची वाट बघायची नव्हती. डॉक्टरांनी जे चुकवू नका म्हणून सांगितलं होतं ते त्यांनी कायमचं टाकलं, पोरानं हळू यावं म्हणून.

सुट्टी संपून कोर्ट उघडलं त्या आठवड्यात मी पुन्हा अण्णांच्या मोटारीत बसलो. तारीख मिळाल्या मिळाल्या ते उठले. स्टेशनवरच्या माणसाला म्हणाले, उद्या. बँकेकडं वळलेच नाहीत. इतकी वर्षं जी कामं घटकाभर थांबत नव्हती ती सगळी मुकाट्यानं थांबली. रस्त्यावर सर्व्हिस मोटारीनं आम्हाला मागं टाकलं आणि तिच्यातले लोक अण्णांना ओळखून मागं वळून बघत राहिले. तवंदीच्या वळणावर अण्णांचा हात भोंग्याकडं गेला आणि परत आला.

घरी एकच ताट मांडलं होतं. आक्का समोर येऊन बसल्या, नेहमीच्या जागी, पुढं काही नसताना. भाकरी, आमटी, वाटीत दही. अण्णा ताटाकडं बघत बसले.

"जेव," आक्का म्हणाल्या.

"मला भूक न्हाय."

"तू न्हाय जेवलास तर मी कशापायी सोडलं? जेव. सावकाश जेव."

अण्णांनी भाकरी मोडली. तो घास गिळायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात ते एरवी उठून हात धुवायचे. आक्का त्यांच्या घासाघासाकडं बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, हे मला सगळ्यात कठीण गेलं. मी पडवीतून उठून घरी गेलो.

त्यानंतर आक्का काही वर्षं जगल्या, दर वर्षी थोड्या थोड्या बारीक होत. लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना, दावा आम्ही हरलो आणि वखार गेली. अण्णांनी तिच्याबद्दल फारशी खंत केली नाही. मोटार असली तर मोटारीनं, नसली तर मिळेल त्या वाहनानं, ते एक दिवसही उशिरा आले नाहीत आणि एक संध्याकाळही न जेवता उठले नाहीत. निपाणीतले लोक म्हणायचे, अण्णा सुटले त्या जाचातून. मीही एकदा त्यांना तसं म्हणालो. ते म्हणाले, "सुटलो व्हय. आधी नुसता पळत हुतो. आता बसून ऱ्हायाचं आणि खायाचं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पळतानाच बरं हुतं, वकील. तवा आक्काच्या तोंडाकडं बगायला सवड नव्हती."

आक्का गेल्याचं मला बेळगावला उशिरा कळलं. मी भेटायला गेलो तेव्हा दुपार कलली होती. अण्णा पडवीत बसले होते, जवळ कुणी नव्हतं. मी शेजारी टेकलो. थोड्या वेळानं वहिनींनी आत बोलावलं. मला चहा दिला आणि अण्णांपुढं ताट मांडलं. ते बसले, समोरच्या मोकळ्या जागेकडं बघून खाली बघितलं.

"ती समोर असताना घास घशाखाली जाईना," ते म्हणाले. "आता समोर कोन न्हाय, तर भूकच लागंना."

वहिनी म्हणाल्या, "मग उठा. आता कोन जबरदस्ती करनार न्हाय."

अण्णांनी मान हलवली. एक एक घास सावकाश चावत त्यांनी ताट संपवलं, कण टाकला नाही. मग जैन घरातल्या रीतीप्रमाणं ताटात पाणी घातलं, बोटानं कडा धुतल्या आणि ते पाणी पिऊन टाकलं. दिवस अजून बराच वर होता.